सुई टोचल्यावरचे पहिले दोन तास, आणि वॉर्डातले इतर प्रश्न

वाचकांचे प्रश्न : आरोग्य विद्यार्थी आणि एचआयव्ही प्रतिबंध

आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशिकला आलं, तेव्हापासून या शहरात अ‍ॅप्रन घातलेली मुलं-मुली सगळीकडे दिसतात. या वेळी आम्ही त्यांच्याकडूनच प्रश्न मागवले होते. नर्सिंग, एमबीबीएस, आयुर्वेद, दंतवैद्यक, डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञ) अशा सगळ्यांची पत्रं आली. 'एचआयव्ही कसा पसरतो' असं जवळजवळ कुणीच विचारलेलं नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. अडतं त्याच्या पुढे.

प्रश्न : सलाईन लावताना इंट्राकॅथची (शिरेत बसवायच्या नळीची) सुई माझ्या बोटात गेली. सिनिअर म्हणाली, 'रक्त दाबून काढ आणि स्पिरिट लाव.' मी तसंच केलं आणि ड्यूटी संपवून हॉस्टेलवर गेले. कुणाला सांगितलं नाही. हे बरोबर झालं का? पुढच्या वेळी काय करू?
— नर्सिंग, तृतीय वर्ष, पंचवटी

उत्तर : दाबायचं नव्हतं, स्पिरिटही लावायचं नव्हतं. पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे गप्प राहून हॉस्टेलवर जाणं. हे घडून ७२ तास झाले नसतील, तर पुढचं नंतर वाचा. आधी कॅज्युअल्टी गाठा. ७२ तास उलटून गेले असले तरी तपासणीसाठी जायचंच आहे.

दाबल्याने आतल्या पेशी चेंगरतात आणि त्या जागी रक्ताचा ओघ वाढतो, विषाणू काही बाहेर येत नाही. स्पिरिट, बेटाडिन, डेटॉल किंवा ब्लीच यांनी त्वचा आणखी सोलवटते. टोचलेलं बोट सवयीने तोंडात जातं, तेही टाळायचं. हातातलं काम दुसऱ्याकडे द्या, ग्लोव्ह काढा आणि वाहत्या नळाखाली साबणाने धुवा. एवढंच. रक्त डोळ्यात उडालं तर खुर्चीत बसून मान मागे टाका आणि दुसऱ्या कुणाला तरी साधं पाणी किंवा नॉर्मल सलाईन ओतत राहायला सांगा. डोळ्याला साबण नको. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताना ती तशीच राहू द्या, नंतर काढून स्वच्छ करा. तोंडात गेलं तर थुंका आणि चार-पाच वेळा चुळा भरा.

आता घड्याळाकडे बघा. पीईपी, म्हणजे संपर्कानंतरची प्रतिबंधक औषधं. यांचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत घ्यायचा असतो आणि ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत. विद्यार्थी '७२ तास' एवढंच लक्षात ठेवतात आणि उद्या ओपीडीत दाखवू म्हणतात. ७२ तास ही शेवटची हद्द आहे, तेवढा वेळ हातात आहे असा तिचा अर्थ नाही. विषाणू आधी टोचल्या जागच्या पेशींत शिरतो, मग जवळच्या लसिकाग्रंथींत आणि तिथून सगळीकडे. औषधाने त्याला पहिल्या टप्प्यातच गाठायला हवं, म्हणून रुग्णाच्या रिपोर्टची वाट पाहत पहिला डोस अडवायचा नसतो. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि रुग्ण विंडो पीरियडमध्ये (संसर्ग झालेला असूनही टेस्टमध्ये दिसत नाही अशा सुरुवातीच्या काळात) असल्याची शंका नसली, तर गोळ्या थांबवता येतात.

धोका किती? एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचली तर संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडाल्यास सुमारे ०.०९ टक्के. जखम खोल असेल, सुईवर रक्त दिसत असेल, ती रुग्णाच्या शिरेत असलेली असेल किंवा रुग्णाचा आजार खूप पुढे गेलेला असेल, तर धोका वाढतो. तुमची सुई शिरेतलीच होती, म्हणजे यातली एक गोष्ट तुमच्याकडे होतीच. औषधाने किती फरक पडतो, तर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झिडोव्हुडिन या एकट्या जुन्या औषधानेसुद्धा हा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झालेला दिसला होता. आताची औषधं त्याहून सोसायला सोपी आहेत.

सध्या सहसा एकच गोळी देतात : टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. रोज एक, २८ दिवस. पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी, झोप न लागणं असं होऊ शकतं. 'आता बरं वाटतंय' म्हणून दहाव्या दिवशी थांबवणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक मुलींकडून जास्त होते. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या याच गोळीबरोबर घेतल्या जातात. डोल्युटेग्राविर त्यांच्याशी बांधलं जातं आणि रक्तात कमी उतरतं. म्हणून ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. मूत्रपिंडाचा त्रास किंवा हिपॅटायटिस बी असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. हिपॅटायटिस बी असणाऱ्याने टेनोफोविर एकदम बंद केलं तर यकृताचा दाह भडकू शकतो.

तपासणी त्याच दिवशी, मग सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी. काही ठिकाणी सहा महिन्यांनीही बोलावतात. शेवटचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात येईपर्यंत रक्तदान करायचं नाही आणि संबंधात कंडोम वापरायचा. त्याच दिवसाचा रिपोर्ट महत्त्वाचा अशासाठी की तो नसेल तर पुढे काही निघालं तरी ते या कामातून झालं हे दाखवता येत नाही. घटनेची नोंदही म्हणूनच करून घ्यायची : वेळ, कोणती सुई, कोणतं काम, ग्लोव्ह होते का.

आणि एक, ज्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. त्याच सुईने, लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीच्या शंभरपट. लसीचे तीन डोस असतात : आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. बरेच जण दुसऱ्यावरच थांबलेले असतात. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे लसीने तयार झालेल्या अँटिबॉडी तपासून घ्या. आकडा १० किंवा त्याहून जास्त हवा.

पुढच्या वेळेसाठी : पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी इन्चार्ज सिस्टरांना विचारून ठेवा की पीईपीच्या गोळ्या कुठल्या कपाटात आहेत आणि रात्री किल्ली कुणाकडे असते. सुरगाणा-पेठकडच्या आरोग्य केंद्रात पोस्टिंग असेल तर हे जास्तच गरजेचं आहे. तिथून नाशिक गाठेपर्यंत पहिले दोन तास रस्त्यातच संपतील.

प्रश्न : सुई टोचते ती बहुतेक वेळा कुठे? 'काळजी घ्या' असं सगळे सांगतात, नेमकं कोणी सांगत नाही.
— डीएमएलटी विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : टोचून झाल्यानंतर. रक्त घेताना लक्ष सुईवर असतं. घेऊन झालं की नजर रक्ताच्या बल्बवर (छोट्या बाटलीवर), लेबलवर, पुढच्या रुग्णावर जाते आणि सुई हातातच राहते. ती तशीच ट्रेमध्ये कापसाखाली ठेवली जाते आणि ट्रे आवरणाऱ्याला टोचते. आवरणारा बहुतेक वेळा तुम्ही नसता, मावशी असतात.

टोपण परत लावू नका. लावावंच लागलं तर टोपण सपाट जागी ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवा, दुसरा हात पाठीमागे. सुईचा डबा काम सुरू करण्याआधी हाताच्या अंतरावर आणून ठेवा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला डबा असला की सुई हातात घेऊन चालणं आलं. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करायचा. वरून दाबून आणखी एक बसवायला गेलं की आतली सुई बोटात येते. बटरफ्लायची (पंख असलेल्या छोट्या सुईची) नळी काढताना स्प्रिंगसारखी उसळते, म्हणून आधी पंख धरा आणि मग सोडवा.

कचऱ्याचे रंग २०१६ च्या नियमांप्रमाणे : सुया, ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. सुई कापलेली सिरिंज, सलाईनच्या नळ्या, ग्लोव्ह लाल पिशवीत. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत. काचेच्या व्हायल निळ्यात. लाल पिशवीत सुई गेली की ती पिशवी उचलणाऱ्याच्या पोटरीत शिरते.

प्रश्न : आमच्याकडे रिपोर्ट पॉझिटिव्ह असला की दोन ग्लोव्ह, गॉगल, सगळं. निगेटिव्ह असला की कधी कधी एकही ग्लोव्ह नाही. फाइलवर लाल पेनाने खूण करतात, म्हणजे सगळ्यांना कळतं. यात गैर काय? आपला जीव वाचवायला नको का?
— इंटर्न, गंगापूर रोड

उत्तर : जीव वाचवायलाच हवा. ही पद्धत तोच धोक्यात घालते. नुकताच संसर्ग झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणू प्रचंड असतो, पण अँटिबॉडी अजून तयार झालेल्या नसतात. रॅपिड टेस्टच्या बाबतीत हा विंडो पीरियड तीन महिन्यांपर्यंत धरतात. म्हणजे लाल खूण नसलेल्या फाइलींत तुमच्यासाठी सगळ्यात घातक रक्त असू शकतं. उलट, नियमित एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेणाऱ्या आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) न आढळण्याइतका खाली गेलेल्या रुग्णाच्या रक्तात विषाणू नाममात्र असतो, आणि दोन ग्लोव्ह नेमके त्याच्यासाठी. शिवाय हिपॅटायटिस बी आणि सीची खूण फाइलवर कोण करतं?

म्हणून नियम रुग्णाप्रमाणे बदलत नाही, कामाप्रमाणे बदलतो. रक्त हाताला लागणार असेल तर ग्लोव्ह, उडणार असेल तर गॉगल आणि मास्क. हा प्रत्येक रुग्णासाठी. नाडी बघायला, ताप घ्यायला, कॉटवर बसून बोलायला ग्लोव्ह नको, रिपोर्ट काहीही असो. ग्लोव्ह सुईला अडवत नाही, हेही खरं. पण आत जाताना सुईवरचं बरंचसं रक्त त्यावर पुसलं जातं.

धोक्याचे द्राव कोणते? रक्त, वीर्य, योनिस्राव, आईचं दूध, गर्भजल, पाठीच्या कण्यातलं पाणी, छाती-पोट-सांध्यांतला द्राव. घाम, अश्रू, लघवी, थुंकी यांत रक्त मिसळलेलं नसेल तर त्यांच्यापासून धोका नाही. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी मात्र प्रत्येक रुग्णाच्या तोंडातली लाळ रक्तमिश्रित समजूनच काम करायचं, कारण हिरड्यांतून रक्त येतंच.

लाल पेनाबद्दल. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तपासणीला आणि उपचाराला माहितीपूर्ण संमती लागते, रुग्णाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. उपचार करणाऱ्याला माहीत असणं वेगळं आणि शेजारच्या कॉटवरच्या नातेवाइकाला कळणं वेगळं. हाच कायदा आरोग्य संस्थेवर प्रतिबंधक साधनं, प्रशिक्षण आणि पीईपी पुरवण्याची जबाबदारी टाकतो. ग्लोव्ह संपलेत म्हणून खूण बघून वाटप चाललं असेल, तर भांडण स्टोअरशी आहे, रुग्णाशी नाही.

प्रश्न : मुलगी नर्सिंगला आहे. तिच्या वॉर्डात एड्सचे पेशंट असतात असं ती सांगते. ती सुट्टीला घरी आली की तिचं ताट-तांब्या, अंथरूण वेगळं ठेवावं का? नातेवाईक विचारतात.
— एक पालक, सिन्नर

उत्तर : नको. मुलीचं नको, आणि घरात खुद्द एचआयव्ही असलेलं कुणी असतं तरी ताट-तांब्या वेगळा लागला नसता. एकत्र जेवण, एकच संडास, डास, मिठी, खोकला यांतून हा विषाणू जात नाही. डासाच्या पोटात तो टिकत नाही आणि वाढतही नाही. वेगळं एवढंच ठेवायचं : दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश. ते तसेही प्रत्येकाचे वेगळेच असावेत. नातेवाइकांना हे पान दाखवा.

प्रश्न : आमच्या बॅचला एचआयव्ही प्रतिबंधावर 'ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण' असा केएपी सर्व्हे करायचा आहे. कॉलेजात ३०० विद्यार्थी आहेत. गाइड म्हणतात, २० हो-नाहीचे प्रश्न काढा आणि लेक्चरनंतर भरून घ्या. एवढं पुरेल का?
— बीएएमएस, तृतीय वर्ष

उत्तर : भरून होईल, हाती काही लागणार नाही. 'दूषित सुईने एचआयव्ही होतो का?' याला पहिल्या वर्षाचा मुलगाही 'हो' म्हणेल आणि तुमचा तक्ता 'ज्ञान उत्तम' असं दाखवून मोकळा होईल. प्रश्नात प्रसंग घाला : 'रात्री ११ वाजता सुई टोचली, रुग्णाचा रिपोर्ट उद्या येणार आहे. पहिली गोळी कधी घ्याल?' पर्यायांत 'माहीत नाही' ठेवा, नाहीतर हो-नाहीत निम्मे गुण नुसत्या अंदाजाने मिळतात. चूक उत्तर आणि 'माहीत नाही' वेगवेगळे मोजा. चुकीची खात्री असणारा विद्यार्थी वॉर्डात जास्त धोक्याचा.

दृष्टिकोनासाठी पाच पायऱ्यांची विधानं घ्या, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. निम्मी विधानं उलटी लिहा आणि गुण देताना ती फिरवायला विसरू नका. 'रुग्णांशी भेदभाव करू नये' याला कोण नाही म्हणणार? त्याऐवजी 'शक्य झालं तर एचआयव्ही असलेल्या रुग्णाचं ड्रेसिंग मी सहकाऱ्यावर सोपवेन' असं विचारा.

आचरणाचा भाग सगळ्यात कच्चा राहतो. 'तुम्ही नेहमी ग्लोव्ह वापरता का?' हा आचरणाचा प्रश्न नाहीच, तो सद्वर्तनाचा दाखला मागणं आहे. मुदत घाला : 'गेल्या ३० दिवसांत किती वेळा रक्त घेतलं? त्यांपैकी किती वेळा ग्लोव्ह होते? किती वेळा टोपण परत लावलं?' ज्यांनी एकदाही रक्त घेतलेलं नाही त्यांना या हिशेबातून वगळा. ग्लोव्ह नव्हते तर का, हेही विचारा : मिळाले नाहीत, माप मोठं होतं, घाई होती की गरज वाटली नाही? 'मिळाले नाहीत' हे उत्तर जास्त आलं, तर ती विद्यार्थ्यांच्या ज्ञानाची उणीव नाही, आणि तुमचा निष्कर्ष 'जनजागृती वाढवावी' असा येता कामा नये. असे प्रकल्प हमखास याच वाक्यावर येऊन थांबतात.

नमुन्यात किती जण घ्यायचे : प्रमाण ५० टक्के, चूक ५ टक्के धरली तर ३८४ येतात. तुमच्याकडे मुळात ३०० आहेत, म्हणून ३८४ ला १ + (३८३ ÷ ३००) म्हणजे सुमारे २.२८ ने भागा : १६९. दहा टक्के फॉर्म परत येणार नाहीत असं धरून १६९ ला ०.९ ने भागा : १८८. हे वर्षनिहाय प्रमाणात वाटा. पहिल्या वर्षाने अजून वॉर्ड पाहिलेला नसतो, त्यांची आणि इंटर्नची सरासरी एकत्र काढली तर ती दोघांचीही नसते.

एथिक्स कमिटीची मंजुरी फॉर्म वाटण्याआधी, नंतर नाही. फॉर्मवर रोल नंबर नको. छोट्या बॅचमध्ये वय, तालुका आणि लिंग एकत्र विचारलं तरी माणूस ओळखता येतो. ऑनलाइन फॉर्म असेल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद करा. शिक्षक वर्गाबाहेर, फॉर्म बंद पेटीत, 'भरायचा नाही' असं म्हणण्याची मोकळीक. स्वतःच्या लैंगिक आचरणाचे प्रश्न खरोखर हवेत का, ते आधी ठरवा. हवेच असतील तर शेवटी, सोडून देता येतील असे. मराठी शब्दही तपासा : 'सुरक्षित संबंध' म्हणजे काहींना कंडोम वाटतो, काहींना लग्न. वीसेक जणांवर आधी चाचणी घ्या, असे शब्द तिथे सापडतात.

लेक्चर संपल्या संपल्या घेतलेली परीक्षा फक्त आठवण मोजते. लेक्चरचा उपयोग बघायचा असेल तर आधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. फॉर्म गोळा झाले की बरोबर उत्तरांचा कागद सगळ्यांना वाटा.

प्रश्न : गावात पथनाट्यानंतर आम्ही कंडोमचं प्रात्यक्षिक देतो. काय सांगायचं राहून जातं? आणि पीईपी-प्रेप एकच का?
— एमबीबीएस, द्वितीय वर्ष

उत्तर : तारीख बघणं, पाकीट दातांनी न फाडणं, टोक चिमटीत धरून हवा काढणं, एवढं बहुतेक जण सांगतात. राहतं ते हे : खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावलं की लॅटेक्स काही मिनिटांतच कमजोर होतं, चिकटपणा हवा तर पाण्यावर आधारित जेलच. एकावर एक दोन घातले तर घर्षणाने फाटतात. पँटच्या मागच्या खिशात किंवा गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने ठेवलेला वापरायचा नाही. आणि ताठरपणा जाण्याआधी, तळाशी धरून बाहेर काढायचा. चुकून उलटा लावला तर तोच सुलटा करून वापरू नका, टोकाला द्राव लागलेला असू शकतो. नवा घ्या.

पीईपी घटनेनंतर २८ दिवस. प्रेप घटनेआधी, वारंवार धोका असणाऱ्यांसाठी, बहुधा टेनोफोविर-एमट्रिसिटाबिनची रोज एक गोळी. सुरू करण्याआधी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री हवी आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. संसर्ग आधीच झालेला असेल तर दोन औषधं त्याला पुरत नाहीत आणि विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. म्हणून मित्राच्या डबीतली गोळी घेणं नको.

प्रश्न : मला स्वतःची तपासणी करायची आहे, पण आमच्याच रुग्णालयाच्या लॅबमध्ये सगळे ओळखीचे आहेत. कुठे जाऊ?
— नाव नको

उत्तर : स्वतःच्याच रुग्णालयात करायलाच हवी असं नाही. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी मोफत होते, तशीच ती इतर सरकारी केंद्रांतही होते. १०९७ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारता येतं, नाव सांगावं लागत नाही. आधी समुपदेशक बोलतात, संमती घेतात, मग रक्त. पहिली टेस्ट निगेटिव्ह आली की रिपोर्ट निगेटिव्ह. ती पॉझिटिव्ह आली तर आणखी दोन वेगळ्या किटवर तपासूनच निदान सांगतात, म्हणून बाहेरून एकाच किटवर केलेल्या टेस्टवरून काही ठरवू नका. धोक्याचा प्रसंग गेल्या तीन महिन्यांतला असेल तर तसं समुपदेशकांना सांगा, ते पुन्हा यायची तारीख देतील. ती तारीख चुकवू नका.

प्रश्न : सांडलेल्या रक्तावर हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) टाकायचं, पण कॅनवर ५ टक्के लिहिलंय आणि चार्टवर १ टक्का. किती पाणी घालू?
— जीएनएम, आडगाव

उत्तर : एक भाग हायपोक्लोराइट, चार भाग पाणी. कॅन १० टक्क्यांचा असेल तर एकास नऊ. ग्लोव्ह घालून आधी रक्तावर टिश्यू किंवा जुनं कापड पसरा, त्यावर द्रावण ओता, दहा मिनिटं राहू द्या, मग गोळा करून पिवळ्या पिशवीत टाका. थेट रक्तावर ओतलं तर शिंतोडे उडतात आणि रक्त पसरतं. द्रावण रोज नवं करा. नाशिकच्या एप्रिलमध्ये खिडकीत ठेवलेली बाटली संध्याकाळपर्यंत नुसती वास देते, काम करत नाही. गडद कॅनमध्ये, सावलीत ठेवा. फरशी धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये हे कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.